खोटी पेशंट

४ ऑक्टोबर

मेडिकलच्या पोरांना उघडं हृदय दाखवा, डोळा लवत नाही. पेशंटला "संबंधांच्या वेळी दुखतं का?" एवढं विचारायला सांगितलं, की दातखीळ! पहिल्या बाकावरचा चष्मिश तर सगळे प्रश्न छताला विचारत होता. "अरे, पेशंट खाली बसलीय!" म्हटलं, तर अख्खा वर्ग खो खो हसला.

मुलांच्या सरावासाठी आजाराचं सोंग घेणारी यंदाची खोटी पेशंट नवी आहे. नाटकात कामं करते म्हणे. स्क्रिप्ट मीच लिहून देते — लग्नाला वर्ष, लघवीला जळजळ, जवळ यायची भीती. मुलांनी हळूहळू काढून घ्यायचं. शेवटचा प्रश्न सक्तीचा: "नवऱ्याजवळ सुरक्षित वाटतं का?" विचारायचं आणि गप्प बसायचं. ती बोलेपर्यंत मध्ये तोंड घालायचं नाही.

आज ती म्हणाली, "तो दिवा बंद करू देत नाही." हे मी लिहिलेलं नव्हतं. बाई कसलेली दिसते.

११ ऑक्टोबर

आजही तिनं पदरचं घातलं. "नको म्हटलं की हसतो. मग दोन दोन दिवस बोलत नाही." आवाज अगदी खाली. आणि बघत होती ती विद्यार्थ्याकडे नाही — माझ्याकडे! अंगठ्यानं करंगळीचं नख खरवडत होती. माझी लेक परीक्षेच्या आधी अस्संच करायची.

काहीतरीच माझं! हजार बायका नखं खरवडतात.

१२ ऑक्टोबर

लेकीला फोन केला. जावयानं उचलला. "अंघोळीला गेलीय, आई. काही निरोप?" किती गोड बोलतो!

१८ ऑक्टोबर

आज हद्द झाली. चष्मिशनं, शाबास पठ्ठ्या, तिच्या डोळ्यांत बघून शेवटचा प्रश्न विचारला आणि गप्प बसला. ती म्हणाली, "बाथरूमची आतली कडी त्यानं काढून टाकलीय. आई डॉक्टर आहे माझी. तिला जावई फार आवडतो."

मी तास तिथंच संपवला.

नंतर तिला बाजूला घेऊन झापलं. "लिहून दिलंय तेवढंच बोलायचं! कुठून आणता हे सगळं?" ती जराही चिडली नाही. नुसती बघत राहिली, जशी मीच पेशंट आहे. मग म्हणाली, "तुम्ही अजून विचारलं नाहीत, मॅडम."

काय विचारलं नाही? कुणाला?

२० ऑक्टोबर

लेकीकडे गेले, न कळवता. जावयानं स्वतः चहा केला. मी हात धुवायचं निमित्त काढून बाथरूममध्ये गेले. कडीच्या जागी चार भोकं. नळ सोडून तशीच उभी राहिले.

बाहेर येऊन विचारलं, "कडी कुठे गेली गं?" लेकीआधी तोच बोलला. "मोडली, आई. दुसरी आणायचीय." हसला. लेक कपात बघत होती. तासाभरात त्यानं आम्हाला क्षणभरही एकटं सोडलं नाही. प्रश्न ओठांवर होता — आणि मी काय बोलले? "चहा छान झालाय." कपाळ माझं!

२१ ऑक्टोबर

उद्या लेकीला तिच्या ऑफिसात गाठते. काय व्हायचं ते होवो.

२२ ऑक्टोबर

ऑफिसमागच्या बाकावर बसवून विचारलं, "त्याच्याजवळ सुरक्षित वाटतं का तुला?" आणि गप्प बसले.

"नाही," म्हणाली. खूप वेळानं म्हणाली, "तुझ्या वर्गातल्या त्या खोट्या पेशंट बाई आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. मीच पाठवलं त्यांना तुझ्याकडे. घरी सांगायला लागले की तू मध्येच समजूत घालतेस, आई. वर्गात तू शेवटपर्यंत ऐकतेस."