लाँच घाटाला बांधलेली

कुरुंदवाड,
८ डिसेंबर १९९६

ती. शिवलीला अक्कास,
मृत्युंजयचा सा. न. वि. वि.

कुणाकडनं उलटसुलट ऐकण्याआधी मीच कळवतो. परवा सकाळी दाट धुक्यात माझ्या लाँचची बायडाबाईंच्या लहान होडीला धडक बसली. बाई भाजीसकट पाण्यात. आधी इंजिन बंद केलं, मग उडी टाकून त्यांना वर ओढलं. हात मोडलाय, पण जीव वाचला. त्यांना दवाखान्यात पोचवून थेट पोलीस ठाण्यात गेलो आणि घडलं तसं सगळं सांगितलं. तपासणी होईपर्यंत लाँच बंद. घाटावर सगळे म्हणतात, बाई जिती हाय की, मग कशाला गेलास? तुला काय वाटतं? अव्वा बरी आहे, लेकीची वाट बघते. दाजींना नमस्कार.

तुझा धाकटा,
मृत्युंजय

कबनूर,
१२ डिसेंबर

चि. मृत्युंजयास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी देवाला हात जोडले, मग तुझ्यावर चिडले. अरे, पुढच्या आठवड्यात हातकणंगल्याचे पावणे त्यांच्या रक्षितासाठी तुझं घर बघायला येणार, आणि तू स्वतःहून ठाण्यात! तुझे दाजी मात्र विणायचं सोडून मागावरनं उठून म्हणाले, अपघात झाला की थांबायचं, मदत करायची, कळवायचं. चालवणाऱ्याचं ते कामच हाय, पळाला असता तर गुन्हेगार ठरला असता. मी त्यांनाच गप्प बसवलं! पण पावण्यांपासून काही लपवू नकोस. ओल्या अंगानं हिंडलास, ताप नाही ना आला?

तुझ्या काळजीत,
अक्का

कुरुंदवाड,
२१ डिसेंबर

ती. अक्कास सा. न.

तपासणी होऊन लाँच सुटली. तपासणीच्या साहेबांनी भोंगा बसवायला लावला, धुक्यात निघायचं नाही म्हणून बजावलं. पुढं कोर्टात बोलावलं तर जाईन. बायडाबाईंना अव्वाची भाकरी रोज पोचवतो. एका हातानं जेवतात, पण शिव्या भरघोस देतात!

पावणे आले. चहा यायच्या आत मी सगळं सांगून टाकलं. रक्षिताचे वडील म्हणाले, घाटावर चौकशी आधीच केलीया, तुम्ही आपणहून सांगता का एवढंच बघायचं होतं.

रक्षितानं त्यांच्याबरोबर एकच प्रश्न धाडला होता: लग्नानंतर पोहायला शिकवणार का? मी व्हय म्हटलंय. तारीख धरायला दोघं लवकर या, आणि तुझी माया आता आम्हा दोघांना पुरव.

तुझाच,
मृत्युंजय