प्रिंटवर ओरखडा नको

अप्पा, आज दुपारी एक वाजता मी स्टुडिओचं दार लावलं आणि चारपर्यंत मस्त झोपले. बाहेर कुणीतरी कडी वाजवत होतं, पासपोर्टचे फोटो हवे असतील. मी कूस बदलली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी रोज डोळा लागताना वाटतं, हे तुम्हाला कुठूनतरी दिसावं. सोमवारी दुकान पूर्ण बंद असतं, तेही दिसावं. तुमच्या हयातीत ते दार सणाला नाही, आजारपणाला नाही, कशालाच बंद झालं नाही. मी ते बंद ठेवते ते नुसतं तब्येतीसाठी नाही. तुमच्या नाकावर टिच्चून ठेवते.

डोळ्यांपुढं अजून तेच दिवस येतात. मी अकरावीत आहे. कॉन्व्हेंटमधून येते, दप्तर टाकते आणि खिडकीजवळच्या उतरत्या मेजावर बसते. निगेटिव्हवरचे देवीचे वण, सुरकुत्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीनं भरून काढणं हे माझं काम. पुढच्या खोलीत तुम्ही गिऱ्हाईकाची हनुवटी दोन बोटांनी वर करताय. मागच्या अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली आई, माझी अव्वा. डेव्हलपरच्या ट्रेमधल्या रसायनात ती उघड्या बोटांनी प्रिंट हलवते, उलटते, उचलते. त्या थंडीत तिच्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुरू झाली. आधी पुरळ, मग भेगा, मग भेगांतून रक्त. भाकरीचं पीठ मळताना ती ओठ दाताखाली धरायची, म्हणून भाकरी थापायला मी शिकले. माझ्या वेड्यावाकड्या भाकरीला तुम्ही नकाशा म्हणालात, अफगाणिस्तान कुठला ते विचारलंत. ती मी का थापते आहे, हे विचारलं नाहीत.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. डेव्हलपरच्या पावडरीनं हे होतंय, हात बुडवणं बंद, चिमटा वापरा, आणि दोन-तीन महिने तर हे कामच नको. तुम्ही बांबूचे दोन चिमटे आणलेत. ते तीन दिवस टिकले. अक्कलकोटच्या एका जोडप्याच्या फोटोत नवरीच्या गालावर केसाएवढा ओरखडा उमटला आणि तुम्ही चिमटे अंगणात भिरकावलेत.

"प्रिंटवर ओरखडा नको. असलं काम माझ्या दुकानातनं जाणार न्हाय."

"आणि माझ्या हातावर पडलेले?" अव्वानं विचारलं.

"गड्ड्याची यात्रा होऊ दे की. मग बघू."

मी म्हणाले, डेव्हलपिंग मी करते. तुम्ही म्हणालात, "तुझी बोटं पेन्सिलीला पाहिजेत, बाई."

यात्रा झाली. मग लग्नसराई होऊ दे. मग शाळांचे ग्रुप फोटो होऊ देत. तुमचं हे 'होऊ दे' कधी संपलंच नाही. एकदा अव्वानं हातातला ट्रे खाली ठेवला आणि म्हणाली, "साकु री." कानडीतलं तिचं 'पुरे हो'. नवऱ्याला ती यापलीकडे कधी काही बोलली नाही. पुढच्या खोलीतून तुमचा आवाज आला, "गिऱ्हाईक बसलंय, हळू बोल." ती हळू बोलायला लागली, आणि मग बोलायचीच थांबली. पुढं तिची बोटं ताठली. माझ्या लेकीच्या गालावरून हात फिरवून ती म्हणाली होती, "मऊ असंल न्हाई गं? मला कळंना." अप्पा, हे वाक्य मी तुम्हाला माफ करणार नाही. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर माफीबद्दल पुष्कळ शिकवायच्या. तो धडा मी ऑप्शनला टाकला.

तुम्ही गेल्यानंतरच्या पहिल्याच गड्ड्याला, वर्षातल्या सगळ्यात गर्दीच्या दिवशी, मी स्टुडिओला कुलूप लावलं. नव्या साड्या, नवे फेटे, कडेवर काजळ घातलेली बाळं, सगळे दाराशी येऊन परत जात होते, आणि मी अव्वाला घेऊन यात्रेत होते. तिला मी मोठ्या पाळण्यात बसवलं. पाळणा वर गेला तशी ती माझ्या दंडाला बिलगून ओरडली, "साकु! साकु!" मी पाळणेवाल्याला म्हटलं, आणखी एक फेरी. खाली आल्यावर अव्वा पोट धरून हसत होती. तुमच्या घरात असं हसलेलं मी तिला पाहिलं नव्हतं.

एवढ्यानं माझं भागलं नाही. तुम्ही काढलेला तिचा एकच फोटो आहे. एका रिकाम्या दुपारी तुम्ही तिला खिडकीशी बसवलं होतं, हात मांडीवर. उजेड काय पडलाय त्यात! आजही मला तसा साधत नाही, आणि याचाही मला राग येतो. त्या प्रिंटमध्ये तिचे हात एखाद्या कॉलेजकन्यकेचे आहेत, गुळगुळीत. मी ती निगेटिव्ह काढली, कापसावर टर्पेंटाईन घेतलं आणि हातांवरची पेन्सिल पुसली. भेगा वर आल्या, सुजलेली पेरं, काळी पडलेली नखं. मोठी प्रिंट काढून मी ती शेजारच्या फ्रेमवाल्या चाचांकडे नेली. चाचांनी ती उजेडाकडे धरली.

"बेटी, लोगां दुकान में बाप का फोटू लगाते. तू अम्मा के हातां लगाती?"

"हो. शोकेसमध्ये, मधोमध."

"फोटू निकाला कौन?"

"ज्यानं हे हात असे केले, त्यानंच."

तेव्हापासून प्रत्येक विचारणाऱ्याला मी हेच उत्तर देते. आणि पाठोपाठ सांगते की हात झाकलेही त्यांनीच. तुमची जुनी गिऱ्हाइकं मान खाली घालून निघून जातात. मला बरं वाटतं. तुमचा स्वतःचा फोटो मी कुठंच लावलेला नाही.

हे पत्र पाकिटात जाणार नाही, मेजाच्या खणातच राहील. वर लिहिलेल्यातलं मी काहीही मागे घेत नाही. फक्त एक गोष्ट आहे. त्या निगेटिव्हवर तुम्ही मला फक्त चेहरा करायला सांगितला होता. "हाताला पेन्सिल लावू नको, हायेत तसे राहू देत," म्हणाला होतात, आणि पुन्हा कॅमेऱ्याकडे वळला होतात. पण तो फोटो मला वर्गात न्यायचा होता. पालकांच्या दिवशी सिस्टरनी हात पुढे केला तेव्हा अव्वानं पदराखालूनच नमस्कार केला होता, आणि मागच्या बाकावरच्या मुली हसल्या होत्या. मी दोन संध्याकाळी बसून एकेक भेग भरली. माझ्या हातून इतकं सुबक काम आधी कधी झालं नव्हतं. प्रिंट पाहून अव्वानं विचारलं, "हे हात कुणाचे गं?"

तेव्हाही मी तुमच्याकडंच बोट दाखवलं होतं.