पत्रिका उघडू नकोस

८ डिसेंबर २०२५

प्रिय यशवंता,

सप्रेम नमस्कार. तुझी तब्येत, वहिनींचे गुडघे, सगळी चौकशी मागाहून करतो. आधी तुझ्या फोनचं इंटरनेट बंद कर आणि मगच पुढचं वाच.

काल माझ्या नंबरवरून तुला लग्नपत्रिका आली, ती मी पाठवलेली नाही. आमच्या घरी कुठलंही कार्य नाही. झालं असं, की कंपनीत आपल्या जुन्या शॉपमधल्या दिग्विजयच्या नंबरवरून मला तशीच एक आली होती. उघडायला गेलो तर फोन विचारू लागला, हे अ‍ॅप टाकू का, तुमचे मेसेज वाचू का. आता दारात आलेल्या पत्रिकेला कधी कुणी नाही म्हटलंय का? आपल्यात रीतच नाही. मी हो, हो करत गेलो. पत्रिका काही दिसली नाही; माझ्या फोनमधल्या सगळ्यांना मात्र माझ्या नावाने गेली.

सूनबाईने, स्वरूपाने, फोन हातातून काढून घेतला. "बाबा, पत्रिका म्हणजे फोटो नाहीतर पीडीएफ. तिला तुमचे मेसेज कशाला वाचायचेत?" बँकेचा ओटीपी मेसेजातच येतो, तो हे लोक परस्पर उचलतात म्हणे. तिने बँकेला सांगून खातं थांबवलं, १९३० वर तक्रार दिली. मग तिच्या फोनवरून मी एकेकाला सावध करत बसलो. अंबूबाई म्हणाल्या, आहेराची साडीसुद्धा काढून ठेवली होती हो.

तू तेवढा फोन उचलला नाहीस. अनोळखी नंबर उचलत नाहीस ते बरंच आहे. माझ्या नंबरवरून मेसेज करावा, तर त्यावर आता कुठल्या तोंडाने विश्वास ठेव म्हणू? म्हणून कागद. अक्षर तरी ओळखशील. चाकणच्या बसमध्ये तू शाळेतल्या कविता चालीवर म्हणायचास आणि मी विसरलेली कडवी याच अक्षरात उतरवून घ्यायचो. हल्ली एखादी ओळ अडली की अडूनच राहते.

मूळ गोष्ट अजून लिहिलीच नाही. संध्याकाळी स्वरूपाने फोन साफ करून दिला, तेव्हा त्यात तुझं उत्तर होतं. एकच शब्द. 'येतो.'

आमच्या अर्णवच्या लग्नाचं बोलावणं मी फोनवर धाडलं, घरी येऊन अक्षत दिली नाही, म्हणून तू आला नाहीस. बोलणंही सोडलंस. मीही म्हटलं, एवढं काय त्यात, आणि घुम्यासारखा बसलो. आणि काल, कुणा चोराने फोनवरच धाडलेल्या बोलावण्याला तू येतो म्हणालास. स्वरूपा विचारत होती, काकांनी फाइल उघडली असेल का? मी त्या शब्दाकडेच बघत होतो.

उघडली असशील तर लाजू नकोस, मीही उघडलीच. इंटरनेट तसंच बंद ठेव, पासबुक घे, शाखेत जाऊन आधी खातं थांबवू. उघडली नसशील तर फाइल पुसली की झालं.

हे पत्र तुझ्या सोसायटीच्या वॉचमनच्या खुर्चीत बसून लिहितोय. तोच वर आणून देईल. माझा वर यायचा धीर होत नाही.

लग्न नसलं तरी तू येतो म्हणाला आहेस. तेवढा खाली ये.

गेटपाशी बसलेला,
तुझा गुरुदत्त