हरकत क्रमांक बारा

ती. मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (घातला खुर्चीत बसूनच आहे. कंबर गेल्या महिन्यापासून वाकायला तयार नाही, पण कागदावर ती पूर्ण वाकली आहे असं धरून चालावं.) तुमचे गुडघे काय म्हणतात? मामींचा खोकला थांबला का? ताईच्या चौथ्या मजल्यावर तुम्हाला करमतं का, की अजून गॅलरीत उभं राहून खाली कोण गाडी वाकडी लावतो यावर लक्ष ठेवून असता? आम्ही दोघं इकडे बरे आहोत. तुमचं बंद घर दर रविवारी उघडतो, झाडून घेतो, नळ सोडून बघतो, तुमच्या आरामखुर्चीत पाच मिनिटं बसतो आणि कुलूप लावून परत येतो. खुर्चीत का बसतो ते विचारू नका. हल्ली मला बऱ्याच गोष्टींचं कारण सांगता येत नाही, आणि हे पत्रही त्यातलंच आहे.

मी नगरपालिकेच्या हरकत-खिडकीवर एकतीस वर्षं काढली हे तुम्हाला माहीत आहेच. शहरात कुणी मजला चढवायला निघालं, झाड पाडायला निघालं, नुसती पाटी लावायला निघालं, तरी ज्याच्या डोळ्यात ते खुपतं तो माझ्या खिडकीशी यायचा. मी मान वर न करता काय काम म्हणून विचारायचो. त्याला सांगता यायचं नाही, मग मीच लिहून द्यायचो. (हे नियमात नव्हतं, पण रांग पुढे सरकायची.) निवृत्त झाल्यावर ही सवय घरी आली. तुमची भाचेसून स्वयंपाकघरात शिरली की मी टेबलावरून मान वर न करता तिला काय काम म्हणून विचारू लागलो. तिनं तीन आठवडे सोसलं. मग एके दिवशी माझी छत्री माझ्या हातात दिली आणि पाचच्या आत दिसू नका म्हणून सांगितलं. त्या दिवशी पाऊसही नव्हता.

असा भटकत मी तुमच्या घरामागच्या गल्लीत पोचलो. तिथली जुनी लाँड्री आठवते ना? तिचं आता आदिवासी समाजकेंद्र आहे, तुम्हाला माहीत असेलच. हे शहर वसायच्या आधीपासून जे लोक इथे राहत होते आणि शहर वसल्यावर कडेकडेला सरकत गेले, त्यांचं. दार सताड उघडं होतं म्हणून आत गेलो. मोठी खोली, छताला वाफेचे जुने पाइप, बावीस खुर्च्या (मोजल्या, सवय), एक किटली, आणि भिंतीवर पूर्वी इस्त्रीचे कपडे टांगायचे तिथे मोठमोठ्या अक्षरांत लिहिलेले शब्दांचे कागद. एका म्हाताऱ्या बाईंनी खुर्ची दाखवली आणि चहा दिला. त्यांना सगळे थोरली म्हणतात. मी चहा प्यालो आणि कुणी तरी काय काम म्हणून विचारील याची वाट बघत बसलो. कुणी विचारलं नाही. पाच वाजले, मी घरी आलो. दुसऱ्या दिवशीही तेच. माणूस येतो, बसतो, चहा पितो, आणि त्याला कुणी काही विचारत नाही, हा काय कारभार आहे ते माझ्या डोक्यात शिरेना.

तिसऱ्या दिवशी थोरलीनं विचारलं, तू कुणाचा? मी गडबडून माझा कर्मचारी क्रमांक सांगितला. ती थांबून राहिली. मग मी नगरपालिकेचा म्हणालो, तरी थांबलेलीच. शेवटी मी म्हणालो की पुढच्या घरात मामा राहायचे, त्यांचा भाचा. त्यावर तिनं समाधानानं मान हलवली आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला. नंतर कळलं की त्यांच्यात पाहुण्याला काम विचारायचं नसतं. आधी तो बसतो, मग कुणाचा ते सांगतो, आणि काम असलंच तर ते आपण होऊन बाहेर येतं. ही पद्धत आमच्या खिडकीवर असती तर एकतीस वर्षांत माझ्याकडून चौदा-पंधरा कामं झाली असती.

मामा, मी तिथे रोजचा झालो. कुणाचा जन्मदाखला, कुणाचं पेन्शन अडलेलं, मी अर्ज लिहून देऊ लागलो. तिथल्या एक नर्सबाई दुपारी ड्यूटी संपवून येतात आणि म्हाताऱ्यांचं ब्लडप्रेशर बघतात. एक बस-ड्रायव्हर आहे, तो मोडलेलं काहीही दुरुस्त करतो. बाहेरगावाहून इस्पितळात आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी मागच्या बाजूला चार खाटा आहेत. आणि त्यांची भाषा घडाघडा बोलणारी आता अकरा माणसं उरली आहेत, ती सगळी त्या खोलीत येऊन बसतात, भांडतात, आणि मुलांना भिंतीवरचे शब्द शिकवतात. मला त्यातले सहा येतात. सातवा उच्चारला की सगळे हसतात आणि का ते कुणी सांगत नाही.

अशात नोटीस आली. नगरपालिकेनं दिलेली त्या जागेची मुदत संपते आहे, शेजाऱ्यांच्या अकरा हरकती आल्या आहेत, सबब सुनावणी घेऊन जागा गाड्या लावण्यासाठी द्यावी असा विचार आहे. निकाल विरुद्ध गेला तर महिनाअखेर खोली रिकामी. नर्सबाई शांतपणे म्हणाल्या, "म्हातारी माणसं आपापल्या घरी परत गेली की भाषाही एकेकाच्या घरी जाईल. आणि तिथे तिच्याशी बोलायला कुणी नाही." मी नोटिशीचा जावक क्रमांक तपासला. त्या पुढे म्हणाल्या की आमच्या वतीनं आम्ही नऊ वेळा बोललो आहोत, सभापतींना आता शेजारपाजारचं कुणी बोललेलं ऐकायचं आहे. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मागे वळून बघितलं, मागे किटली होती.

दुसऱ्या दिवशी पाठिंब्याचा अर्ज द्यायला मी माझ्याच खिडकीशी गेलो. तिथे आता मीच तयार केलेल्या बाई बसतात. त्यांनी मान वर न करता काय काम म्हणून विचारलं. (शिकवण चांगली झाली आहे.) मी म्हणालो, माझा पाठिंबा आहे. त्या म्हणाल्या, तुम्हाला त्रास नाही तर कागद कशाला? पाठिंब्याचा नमुनाच नव्हता. पूर्वी एक रजिस्टर असायचं, ते वीस वर्षांपूर्वी कुणी तरी जागा अडते म्हणून बंद केलं. ते मीच बंद केलं होतं. बराच खल झाल्यावर आम्ही दोघांनी मिळून मार्ग काढला: मी आलेल्या हरकतींना हरकत घ्यायची. बाईंनी शिक्का मारला आणि मला नंबर दिला. हरकत क्रमांक बारा. म्हणजे केंद्राच्या विरुद्ध अकरा अर्ज होते, माझ्या प्रयत्नांनी ते बारा झाले.

सुनावणी मंगळवारी अकराला होती. लांब टेबलं, एक माइक, आणि तो चालू आहे का बघायला प्रत्येकानं त्याला टिचकी मारायची. हरकतदारांना डावीकडे बसवलं, त्यात मी. उजवीकडे केंद्राची सगळी माणसं बसली होती आणि मी तिकडे काय करतो आहे ते त्यांना कळत नव्हतं, आणि एकदा डावीकडे बसल्यावर मलाही नीट कळेनासं झालं. आमच्याकडे नावं न घेता नुसते क्रमांक पुकारायची पद्धत आहे. पहिली हरकत तीन पानांची, हरकतदार गैरहजर म्हणून ती कारकुनानं पूर्ण वाचली. परिसराच्या शांततेस बाधा, अनोळखी व्यक्तींचा सततचा वावर, वगैरे. सभापतींनी मुद्देसूद म्हणून तिचं कौतुक केलं. पुढच्या दहा जणांनी उठून पहिल्याशी सहमत एवढंच सांगितलं. मग बारा पुकारला.

मी माइकला टिचकी मारली आणि म्हणालो, "माझी हरकत आहे." डावीकडच्यांनी टाळ्या वाजवल्या. उजवीकडून थोरली उठली, हळूहळू चालत माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं ती म्हणते आहे, पुरे, बस खाली. बसलो. तिनं दंडाला धरून उठवलं. मी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा पाठीवर हात, पुन्हा बसलो. असं चार वेळा झालं. सभापतींनी मला बरं वाटत नाही का म्हणून विचारलं आणि पाणी मागवलं. (नर्सबाईंनी नंतर उलगडा केला. दुसऱ्यांसाठी बोलणाऱ्यानं एकट्यानं उभं राहू नये, म्हणून त्यांच्यात थोरल्या माणसानं त्याच्या पाठीवर हात ठेवायचा असतो. हे आधी कळलं असतं तर माझी कंबर वाचली असती.) पाचव्यांदा मात्र मला बसायचा कंटाळा आला. लिहून आणलेला कागद सापडेना, तेव्हा तोंडाला येईल ते बोललो.

"एकतीस वर्षं मी लोकांना विचारत आलो, तुम्हाला काय खुपतं. या खोलीत मला कुणी विचारलं, तू कुणाचा. ती खोली राहू द्या."

एवढंच. सभागृहात कुणाला काही कळलं असावं असं वाटलं नाही. डावीकडच्यांनी सवयीनं टाळ्या वाजवायला हात उचलले आणि तसेच ठेवले. सभापतींनी कारकुनाला विचारलं, बारा नंबर कुठल्या बाजूचा? कारकून म्हणाला, कागदावर विरुद्ध, तोंडानं बाजूनं, बसला-उठला मात्र दोन्हीकडून. त्यावर जुनं नियमाचं पुस्तक आणलं. हरकतदाराचं म्हणणं नेमकं काय ते स्पष्ट होत नसेल तर तीस दिवसांत फेरसुनावणी, तोवर आहे तसं, असा त्यात नियम आहे. निर्णय पुढे ढकलला. बाहेर पायरीवर मी सगळ्यांची माफी मागत होतो तेव्हा थोरली म्हणाली, "बरं झालं, तुला धड बोलता आलं नाही." ड्रायव्हर इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. मला अजून कळत नाही की मी त्यांना मदत केली की घोटाळा. तुमची भाचेसून म्हणते की माझ्या बाबतीत या दोन गोष्टी वेगळ्या कधी नव्हत्याच.

पत्र लांबलं. तब्येतीला जपा, जिन्यानं चढ-उतार करू नका, ताईला आणि मामींना नमस्कार. कळावे.

तुमचा,
भाचा

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. फेरसुनावणी येत्या अठरा तारखेला आहे. बाकीच्या दहा हरकतींत पहिल्याशी सहमत याखेरीज काही नाही, म्हणजे पहिली मागे घेतली गेली की त्यांना उभं राहायला जागा नाही. आणि मामा, पहिली हरकत तुमची आहे. दचकू नका, तुमचा दोष नाही. गेल्या वर्षी, मी निवृत्त व्हायच्या जरा आधी, तुम्ही खिडकीशी आलात आणि म्हणालात की लाँड्रीचं मागचं दार दुपारी धाडकन आपटतं, झोपमोड होते, त्यांना जरा सांग. एवढंच म्हणालात. मी म्हणालो, माझ्यावर सोडा. त्या दिवशी मी लिहून दिलेली ती नववी हरकत होती आणि हाताला तयार वाक्यांची सवय. दाराचं राहूनच गेलं, शांतता आणि अनोळखी माणसं मात्र तीन पानं झाली. केंद्रात सहा महिने चहा प्यालो, एकदाही आठवलं नाही. सभागृहात वाचून दाखवत होते तेव्हा दुसऱ्या पानावर मला माझी वाक्यं ओळखू आली. मला फार लाज वाटली, मामा.

ता. क. दुसरा. काल हे सगळं थोरलीला सांगितलं. तिनं तीनही पानांची नक्कल माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतली, सावकाश. वाचून झाल्यावर तिनं एकच विचारलं, कुठलं दार? मी दाखवलं. तिनं ड्रायव्हरला हाक मारली. त्यानं टायरचा एक जुना तुकडा कापून चौकटीला ठोकला. पंधरा मिनिटं लागली. मी स्वतः ते दार दहा वेळा आपटून बघितलं, आवाज येत नाही. "हे तेव्हाच येऊन सांगायचं ना रे," थोरली म्हणाली, आणि चहा ठेवायला गेली.

ता. क. तिसरा. हरकत मागे घेण्याचा अर्ज सोबत जोडला आहे. मजकूर मी मागे घेऊ शकतो, सही तुमची आहे. या वेळी एकच ओळ लिहिली आहे. पण मामा, सही करण्याआधी ती वाचा. मागच्या वेळी तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून न वाचता केली होती.