दुरुस्त केलेले प्रोटॉन

३ फेब्रुवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

फोनवर माझा आवाज ऐकला की तुम्ही ठेवून देता, म्हणून हा कागद. फाडण्याआधी निदान खालपर्यंत वाचा. तुमच्या भावाचा गुडघा आता बरा आहे. फिरायला म्हणून निघतात आणि कोपऱ्यावरच्या बाकावर पेपर वाचून परत येतात.

कामाचं सांगते. वर्षापूर्वी संस्थेचा छोटा चाचणी-उपग्रह वर गेला. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेले प्रोटॉन दक्षिणेच्या समुद्रावर फार खाली उतरतात. हा तिथून दिवसातून सहा-सात वेळा जातो आणि ते मोजतो. सध्या सूर्य शांत आहे, त्यामुळे वरची हवा आक्रसली आहे आणि प्रोटॉन दर महिन्याला वाढताहेत. शांत सूर्यात ते वाढतात हे पुस्तकातही आहे, पण हे पुस्तकाच्या जवळजवळ दुप्पट आहेत. अकरा वर्षांपूर्वी सूर्य असाच शांत होता, तेव्हा जुन्या उपग्रहावरच्या तुमच्या यंत्राने नेमकं हेच सांगितलं होतं. तुमच्या तेव्हाच्या आलेखाची रेघ मी आठवणीने काढली. ती नव्या रेघेवर चपखल बसते.

तुम्ही बरोबर होता. हे अजून आपल्या विभागाच्या साहेबांनाही माहीत नाही. १४ मार्चला मोठ्या उपग्रहाची शेवटची बैठक आहे, आणि त्याचे सगळे भाग साहेबांनी तुमचे आकडे निम्म्यावर आणून जी ‘दुरुस्ती’ केली, त्या तक्त्यावरून निवडले आहेत.

लोभ मागायला तोंड नाही, तरी असावा.

तुमची धाकटी

११ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

फाडलं नाही. संस्था सुटल्यापासून मी इस्पितळाच्या तळघरात असते. क्ष-किरण विभागातल्या लोकांच्या छातीवरचे किरणमापक तपासते. तिथेच उभ्याउभ्या वाचलं.

तू मला नवीन काही सांगितलं नाहीस. मी बरोबर आहे हे मला अकरा वर्षं माहीत आहे. माणसं कोर्टाच्या तारखेची वाट बघतात, तशी मी सूर्य शांत व्हायची बघत होते.

आता ऐक. तोंड शिवून बस. जाऊ दे तो उपग्रह वर, साध्या चिपा आणि पातळ पत्रा घेऊन. पाच वर्षं चालेल म्हणतात ना, प्रोटॉनच्या माऱ्याने दुसऱ्या वर्षी आंधळा होईल. त्या दिवशी साहेबांचा चेहरा मला पेपरात बघायचा आहे.

त्यांनी भर बैठकीत माझ्याकडून बारा महिन्यांचे आकडे मोठ्याने वाचून घेतले होते आणि प्रत्येक आकड्यानंतर ‘चूक’ म्हणाले होते. शेवटी म्हणाले की बाईंचा हात थरथरतो, सोल्डरिंग कच्चं राहिलंय. त्या यंत्रातला एकेक सांधा मी याच हातांनी जोडला होता.

माझं यंत्र बिघडलेलं ठरवणाऱ्या अहवालाखाली दोन सह्या होत्या. पहिली त्यांची. दुसरी गोल, शाळकरी अक्षरातली, तुझी. आदल्या संध्याकाळी तू माझ्या घरी जेवलीस, दोनदा वाढून घेतलंस आणि अवाक्षर काढलं नाहीस. त्यांच्यावरचा राग मला मोजता येतो. तुझ्यावरचा अजून मोजता आलेला नाही.

लोभाचं पुढे बघू.

तुझी नणंद

१९ फेब्रुवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

सही माझीच. साहेबांनी कागद पुढे सरकवला आणि म्हणाले की नोकरीत कायम व्हायचं असेल तर आजच करा. यांची नोकरी तेव्हा नुकतीच सुटली होती. मी आकडे तपासलेच नाहीत. ही सबब नाही, घडलं ते सांगतेय.

पण गप्प बसणार नाही. हा उपग्रह समुद्रावरच्या बोटींना वादळाचा इशारा देणार आहे. तो आंधळा झाला तर साहेब निवृत्त होऊन बागेला पाणी घालत बसलेले असतील आणि बुडतील ती बोटीतली माणसं. तुमचा सूड भलत्याच पत्त्यावर जाईल.

अडचण अशी की इथल्या नोंदींत दुरुस्ती चढवताना मूळ आकडे पुसले गेलेत. माझ्या आठवणीतली रेघ कोण मानणार? मूळ मोजणी फक्त तुमच्या वह्यांत आहे. द्याल का? दिल्यात तर बैठकीत तो अहवालही वाचीन, खालच्या सह्यांसकट.

लोभ नको, वह्या द्या.

धाकटी

२६ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

तीन वह्या सोबत आहेत. बोटींसाठी दिल्यात. तुझ्यासाठी मुळीच नाही.

आता अटी. आधी राजीनामा देऊन सुटायचं नाही. रडायचं नाही. रडलीस की सगळे तुझ्याकडे बघतील आणि साहेब निसटतील. बारा महिन्यांचे आकडे तू वाचायचे नाहीत. माझे आणि नव्या उपग्रहाचे शेजारी-शेजारी मांडून कागद त्यांच्यापुढे ठेव आणि त्यांनाच मोठ्याने वाचायला लाव. प्रत्येक महिन्यानंतर तू फक्त ‘बरोबर’ म्हणायचं.

याला सूड म्हणतात हे मला कळतं. सूडच आहे.

आणखी एक. तुझ्या सहीचं मी भावाला कधी सांगितलं नाही. तुमचा संसार मोडायचा मला तेव्हाही नव्हता. बैठकीआधी तू सांग, दुसऱ्याकडून कळू देऊ नकोस.

वह्या पोचल्याचं कळव, बाकी लोभ राहू दे.

तुझी नणंद

१६ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

परवा बैठक झाली. साहेब म्हणाले की आकडे वाचणं हे कनिष्ठांचं काम. बाहेरून आलेल्या अध्यक्षबाईंनी वह्या चाळल्या आणि म्हणाल्या की नाही, तुम्हीच वाचा.

सुरुवातीला त्यांनी भराभर वाचलं, हजेरी घेतल्यासारखं. मी दरवेळी ‘बरोबर’ म्हणत होते. चौथ्या महिन्यापासून ते सावकाश झाले. सातव्याला दोन आकड्यांत शंभरात एकाचाही फरक नव्हता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पाणी मागितलं. मी म्हटलं, साहेब, पुढे. माझा आवाज अगदी तुमच्यासारखा आला.

मग मी अहवाल वाचला. दुसऱ्या सहीपाशी आल्यावर ते म्हणाले की यांनीच तपासून दिलं होतं, मी विश्वास ठेवला. मी सांगितलं की सही माझी आहे आणि मी काहीही तपासलं नव्हतं. मी नाकारीन असं त्यांनी धरलं असावं.

त्यांचा तक्ता रद्द झाला. चिपा बदलणार, उड्डाण आठ महिने पुढे गेलं. साहेबांना समितीवरून काढलं. नव्या तक्त्यावर तुमचं नाव आहे. मला मोजणी विभागातून काढून जुन्या फायलींच्या खोलीत बसवलंय. बरोबरच केलं.

यांना मी आदल्या दिवशीच सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, की अकरा वर्षं मी ताईला गर्विष्ठ म्हणत आलो आणि तू मला म्हणू दिलंस? तेव्हापासून बोललेले नाहीत. चहा करून माझ्यापुढे ठेवतात आणि बाकावर जाऊन बसतात.

आता मागण्यासारखं काही उरलं नाही. नमस्कार मात्र मनापासून.

धाकटी

२५ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

सातव्या महिन्याचा मजकूर चारदा वाचला. सूड घेऊन मन रिकामं होतं म्हणतात. माझं काही झालं नाही. उलट भूक चांगली लागते आहे.

संस्थेने सत्काराला बोलावलंय. येते म्हणून कळवलं, आणि साहेबांना पहिल्या रांगेत बसवा असंही कळवलं. खुद्द साहेबांचं एक जाडजूड पाकीट आलंय. फोडलेलं नाही. अकरा वर्षांनी सूर्य पुन्हा शांत झाला की फोडीन.

रविवारी भाऊ येऊन गेला. माझी माफी मागितली, ती मी ठेवून घेतली. मग त्याला विचारलं की घरी बोलत का नाहीस, आणि तशा बैठकीत तिच्या जागी तू उभा राहिला असतास का. उठून थेट घरी निघाला. एव्हाना बोलला असेल.

राहिलीस तू. तुझं धाडस मी रागातून वजा करून पाहिलं. राग उरतोच, आणि बराच उरतो. पण पत्रात नीट भांडता येत नाही. तू पुढच्याच ओळीत कबूल करून टाकतेस आणि माझं वाक्य अर्धवट राहतं. तेव्हा येत्या शनिवारी ये. एकटी ये. मला सगळं पहिल्यापासून बोलायचंय, आणि मधून मधून तूही आवाज चढवायला हवास. परतीचं तिकीट काढून येऊ नकोस.

लोभ आहे की नाही ते समोरासमोर ठरवू.

तुझी नणंद