डोळे मिटल्यावर

आई,

तू जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज सांगायची गोष्ट अशी, की सांगताना माझीच मला किळस येते.

शुक्रवारी आमच्याकडे बायकांची प्रार्थना होती. गोल बसायचं, एकेकीनं विषय द्यायचा, मग डोळे मिटायचे. तुझ्या वेळी विषय असायचे ते आजारपणाचे, पोराबाळांचे. आता शेजारच्या घरातली घाण पदराआड आणतात आणि प्रभूपुढे उघडतात. एकजण म्हणाली, "आपल्यातली एक पोरगी कागलला कंपनीत जातीया, येताना कुणाच्या तरी मोटारसायकलीवर येतीया. ती मोहात पडू नये म्हणून मागू या." नाव घेतलं नाही. गरजच काय? पोरीची आई माझ्या शेजारी मान घालून बसलेली. लग्न ठरत आलंय; एवढ्यानंही मोडतं. मोहात पोरगी पडली असेल नसेल, तोंडाला पाणी आमच्या सुटलं होतं. मग विषय देणारी तीच माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमच्या खिडकीतनं दिसतंय की सगळं. तुम्हीच करा सुरुवात."

दिसतं. मी पाहिलंही होतं. ओठांवर 'हे दयाळू पित्या' आणि मिटल्या डोळ्यांआड तिचा त्याच्या खांद्यावरचा हात, कोपऱ्यावर उतरणं, ओढणी सारखी करणं. चव घेत बघत होते, आई. तोंडानं मात्र पाळकसाहेबांच्या गुडघ्यांसाठी मागितलं. आमेन झाल्यावर त्या माउलीनं माझा हात धरला. "लई उपकार झालं, वैनी." ती गेल्यावर मी साबणानं हात धुतले.

धुताना आपलं स्वयंपाकघर आठवलं. तेव्हाचे पाळकसाहेब येणार आहेत, चहाच्या दुधात माशी पडलीय. कुणाला कळतंय म्हणून मी ती चिमटीनं काढून टाकते. तुला कळतंच. तांदूळ धुतलेलं पाणीही वाया न घालवणारी तू, पण सगळं पातेलं मोरीत ओतलंस. "माशी काढलीस, पर तिनं पाय धुतल्यात की त्यात," म्हणालीस, आणि साहेबांना कोरा चहा दिलास.

शुक्रवारी मी नुसती माशी काढली. आता मंडळीत माझं नाव झालंय, बाई गंभीर आहे, जपून बोलते.

हे पत्र ट्रंकेत तुझ्या लुगड्याच्या घडीत राहील. लिहायला बसताना खिडकी लावून घेतली होती. कंपनी सुटायची वेळ आहे. ती मोटारसायकल कोपऱ्यावर थांबली की आवाज मला ओळखू येतो. मघाशी थांबली. पेन ठेवून मी ऐकत होते.