शेवटच्या प्रकरणाचे टाके

पंचवटी, नाशिक
५ जानेवारी २०२५

चि. सौ. साधनास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे थंडी अशी आहे की सकाळी नळाला हात लावायची हिंमत होत नाही. हे मात्र माकडटोपी घालून रोज घाटावर फिरून येतात आणि येताना भाजीबाजारातून मेथीच्या चार जुड्या आणतात. दोन माणसांना चार जुड्या कशाला, असं विचारलं तर म्हणतात, स्वस्त होती.

आता डिसेंबरात वाचलेल्या पुस्तकांचा निकाल. जादूच्या पुस्तकांत माझा पहिला नंबर ‘मिठाचा राजवाडा’ला. राणीचा सगळा महाल मिठाचा, आणि तिला मुलगी होते ती ढगासारखी, रडली की भिंती विरघळतात. आईने मुलीला रडू द्यायचं की घर वाचवायचं? पुढचं सांगत नाही.

विज्ञानातलं आवडतं सोबत पाठवते आहे, ‘काचेपलीकडची चाळीस वर्षं’. दूरच्या ग्रहावर निघालेलं यान, आणि त्यात बी-बियाणं सांभाळणारी बासष्ट वर्षांची बाई. तुझ्याच वयाची. तिला चाळीस वर्षं काचेच्या पेटीत झोपायचं आहे. यांनी तीस पानं वाचून मला विचारलं की एवढ्या मोठ्या यानाला वीज येते कुठून, ते लेखकाने लिहिलंच नाही. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या हातात कादंबरी दिली, चूक माझीच.

शेवटचं प्रकरण नेहमीसारखं लाल दोऱ्याने शिवलं आहे. आधी अंदाज लिही, मग कात्री घे, आणि वाचून झालं की तुझ्या निळ्या दोऱ्याने शिवून परत कर. शिवताना शाळेतल्या सिस्टर क्लेरिस आठवल्या. तू शेवटचं पान आधी वाचतेस म्हणून शिवणाच्या तासाला मी तुझ्या गोष्टीच्या पुस्तकाला टाके घालत होते आणि त्यांनी पकडलं. मला वाटलं, आता घरी चिठ्ठी. त्या एवढंच म्हणाल्या की पुस्तकच शिवायचं असेल तर धावदोरा तरी सरळ घाल.

हा शेवट वाचून मी दोन दिवस कुणाशी नीट बोलले नाही. फोनवर तुझा आवाज बारीक वाटला. तब्येतीचं खरं लिही.

लोभ किती आहे ते पत्राच्या लांबीवरून मोजणार आहे, हे लक्षात ठेव.
तुझी,
योगिनीताई

•

कळवण
१९ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पुस्तक एस.टी.च्या पार्सलने नीट मिळालं. तुझ्या पत्राची घडी उघडली तर आत मेथीचं एक पान निघालं. भाऊजींना सांग, इथवर पोचली.

माझ्या डिसेंबरच्या यादीत एकच पुस्तक आहे. एका गावात घरोघरी चुलीत एकेक छोटा अग्निसर्प पाळलेला, आणि एका म्हाताऱ्या बाईचा सर्प विझतो. मी मोठ्याने वाचत होते आणि कुसाबाई भांडी घासता घासता ऐकत होती. तिचं म्हणणं, असलं जनावर लय खात असंल, त्यापेक्षा सिलिंडर बरा. मग मात्र दोन दिवस मला विचारत होती की त्या म्हातारीचं पुढं काय झालं.

तुझं चाळीस वर्षांचं पुस्तक वाचलं. शेवट फार सुंदर. बाई उठते आणि नव्या मातीत बी पेरते. डोळ्यांत पाणी आलं.

तब्येत ठीक. शेखररावांचा शेतातला कांदा चांगला आहे.

पत्र लहान झालं, त्यावरून माझा लोभ मोजू नकोस.
तुझी,
साधना

•

पंचवटी, नाशिक
३० जानेवारी २०२५

चि. साधनास,
आशीर्वाद.

पुस्तक आलं. दोरा लाल आहे. गाठही माझीच, दोन वेढ्यांची. तू शेवट वाचलेला नाहीस.

पंचावन्न वर्षांत तू अंदाज चुकवलेस, माझी पुस्तकं चहात बुडवलीस, एकदा तर मुखपृष्ठावर पोळी ठेवलीस. पण न वाचता वाचलं असं कधी लिहिलं नाहीस. तू खोटं बोलतेस तेव्हा थोडक्यात बोलतेस, हे आईलाही ठाऊक होतं.

मी तुझ्या शेखररावांना फोन केला. त्यांनी आधी तिकडची थंडी सांगितली, मग कांद्याचा भाव सांगितला. शेवटी म्हणाले की ताई, ते तुम्ही तिलाच विचारा. म्हणून विचारते. काय झालं आहे? मी रागावणार नाही. रागावले तरी पत्रातून मार लागत नाही.

उत्तर येईपर्यंत मी दुसरं पुस्तक उघडणार नाही.
तुझी,
ताई

•

कळवण
५ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गर्भाशयात गाठ आहे. डिसेंबरात नाशिकच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, पिशवी काढावी लागेल, लांबवू नका. नाशिकला येऊन तुझ्या घरचा चहा न घेता परत गेले, हे मला आयुष्यात पहिल्यांदा जमलं. गाडी पंचवटीवरून गेली तेव्हा मी दुसऱ्या बाजूला बघत होते.

मी शेखररावांना नाही म्हणून सांगितलं आहे. ते भांडले, मग समजावून थकले. आता सकाळी उठून गुपचूप माझ्याकडे बघतात आणि शेतावर जातात.

ताई, मला दुखण्याची भीती वाटत नाही. झोपेची वाटते. आई याच दुखण्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात गेली होती. मला म्हणाली होती की संध्याकाळी तुझी वेणी घालते. भूल दिली आणि ती उठलीच नाही. मी संध्याकाळपर्यंत केस मोकळे ठेवून बसले होते.

तुझ्या पुस्तकात ती बाई पेटीत झोपते, काच बंद होते, आणि तिथूनच तुझे टाके सुरू होतात. मी कात्री घेतली आणि परत ठेवली. ती नाहीच उठली तर? म्हणून मीच तिला उठवलं, तिच्या हातात बी दिलं आणि तुला लिहून टाकलं.

लोभ कमी झाला असेल तर तसं स्पष्ट लिही.
तुझी,
साधना

•

पंचवटी, नाशिक
९ फेब्रुवारी २०२५

माझ्या साधनास,

आज मायन्याला आशीर्वाद लिहीत नाही, समोर येऊन देणार आहे.

आधी माझी चोरी सांगते. तो शेवट मीही वाचलेला नाही. काच बंद झाली आणि मला दवाखान्यातला तो बाक आठवला. आईला आत नेलं तेव्हा मी बाहेर कादंबरी वाचत बसले होते. शेवटचं प्रकरण उघडलं आणि दार उघडलं. ते पुस्तक मी पुन्हा हातात घेतलं नाही. हेही मिटलं, शिवलं, आणि तुला थाप मारली की दोन दिवस बोलले नाही. सिस्टर क्लेरिसनी आपल्या दोघींनाही वर्गाबाहेर उभं केलं असतं.

दुसरी गोष्ट तुला फार पूर्वी सांगायला हवी होती. बाबांनी जाण्याआधी मला सांगितलं की आईने ते दुखणं दोन वर्षं दडवलं होतं. अंगात रक्त उरलं नव्हतं. डॉक्टरांनी आत नेण्याआधीच बाबांना बजावलं होतं की फार उशीर झाला आहे. आईने आपल्यापासून लपवलं हे तुला कळू नये, म्हणून मी गप्प राहिले. साधना, आईला झोपेने नाही नेलं. उशिराने नेलं. तू दोन महिने दडवलंस, तेवढं पुरे.

पुस्तक परत पाठवते. टाके तसेच आहेत. वीस तारखेला हे आणि मी गाडी घेऊन येतो. तू नाही म्हणालीस तर चहा पिऊन परत जाऊ. हो म्हणालीस तर मी बाहेरच्या बाकावर बसेन. चव्वेचाळीस वर्षांनी त्याच बाकाला मीही घाबरते आहे, पण बसेन.

तुझी बॅग भरलेली दिसली की लोभ पोचला असं समजेन.
तुझी,
ताई

•

कळवण
२३ मार्च २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्याकडून येऊन आठ दिवस झाले. आता अंगणात दहा फेऱ्या मारते. कुसाबाई प्रत्येक फेरी मोठ्याने मोजते आणि अकरावी मारू देत नाही. तपासणीचा कागद आला, गाठ साधी होती. शेखररावांनी तो तीनदा वाचला आणि मग चष्मा पुसायला बाहेर गेले. माझे टाके मी आरशात पाहिले. सिस्टर क्लेरिसनी ते उसवून पुन्हा घालायला लावले असते.

तुला तिथे सांगितलं नाही ते आता लिहिते. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी तू औषधं आणायला खाली गेलीस, तेव्हा मी पुस्तक काढलं. कात्री नव्हती. शेखररावांच्या नेलकटरने तुझा लाल दोरा कापला आणि शेवटचं प्रकरण वाचलं.

ताई, त्या प्रकरणात पेटीतल्या बाईबद्दल जवळजवळ काही नाही. ते सगळं प्रकरण तिच्या बहिणीचं आहे. यानात कुणीतरी जागं राहायला हवं, म्हणून ती राहते. रोज सकाळी काचेवरचं दव पुसते, काल काय खाल्लं ते झोपलेल्या बहिणीला सांगते, तिच्यावर रागावते, तिच्या वाटणीची भाजी निवडते. चाळीस वर्षं. वाचता वाचता माझी भीती कुठे गेली ते कळलं नाही. मला तुझी काळजी वाटायला लागली. मला तर नुसतं झोपायचं होतं.

आत डॉक्टरांनी आकडे मोजायला सांगितले. मी सहापर्यंत गेले असेन. मग डोळे उघडले तर पलंगाशेजारच्या खुर्चीत तू, त्या गार खोलीत भाऊजींची माकडटोपी घालून, तोंड उघडं टाकून घोरत होतीस. जागं राहायची पाळी तुझी होती. मी हाक मारली नाही. बराच वेळ तुझ्याकडे बघत पडून राहिले. भाऊजी दारात उभे होते, त्यांनी मला खुणेने थांबवलं आणि हळूच म्हणाले की झोपू दे, ऑपरेशन संपेपर्यंत बाहेरच्या बाकावर ताठ बसली होती.

पुस्तक पाठवते आहे. पेटीतली बाई उठते की नाही ते अगदी शेवटच्या ओळीत आहे आणि मी ते सांगणार नाही, नियम म्हणजे नियम. निळ्या दोऱ्याने शिवलं आहे. पण टाके मुद्दाम सैल घातलेत. कात्री शोधायला उठावं लागू नये, बोटानेच निघतील. अंदाज नाही लिहिलास तरी चालेल.

लोभ नेहमीच्याच पार्सलने पाठव, मी स्टँडवर स्वतः घ्यायला जाईन.
तुझी, जागी झालेली,
साधना